एवढं वाक्य होऊ दे

हातगाडीवर उलटी बांधलेली खुर्ची, चारही पाय आभाळाकडे.

उजव्या हाताचा तळवा, हवेत उभा.

"शेवटचं प्रकरण कधी?" संपादकांचा फोन, चौथ्यांदा.

पाण्याचा पेला. काठोकाठ.

तर लेखिकेची गोष्ट अशी. सांधेदुखीने बोटं आखडल्यापासून ती तोंडानेच लिहायची. सकाळी दहा ते बारा खोलीचं दार लावून रेकॉर्डरसमोर बोलायची. दोन घरं पलीकडे राहणारी नणंद टेप नेऊन टाइप करायची. नियम एकच: रेकॉर्डर चालू असताना मध्ये बोलायचं नाही. कुणी बोललंच, तर ती मागे न बघता तळवा वर करायची. नवऱ्याला तो तळवा एकवीस वर्षं पाठ होता. तो तिच्या मागे खुर्चीत पेपर वाचत बसायचा, आणि एका सकाळी तिथेच गेला.

तेव्हा खोलीत ती होती. आणखी कुणी नव्हतं.

पुस्तक त्याच्यावरच होतं. सगळं झालं होतं, तेवढी सकाळ राहिली होती. नऊ महिने ती घशाशी येऊन अडकत होती. नणंदेने त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. तिला प्रकरणाची घाई नव्हती. आपला भाऊ कसा गेला, तेवढं तिला हवं होतं. "बसल्या बसल्या गेला" यापलीकडे तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

अडलेल्याला सल्ला देणारे शंभर. लेखिकेने सगळं करून पाहिलं. मैलभर चालून आली, टेबल खिडकीशी नेलं, पहाटे उठली. शेवटी ठरवलं, शब्द येवोत न येवोत, दहा ते बारा रेकॉर्डर लावून बसायचं. सोमवारी ती दोन तास गप्प बसली, आणि सवयीने टेप नणंदेसाठी दाराला टांगलेल्या पिशवीत टाकली.

मंगळवारी नणंद टेप परत घेऊन, दोन पानं नाचवत आली.

"सुटलीस गं वहिनी एकदाची! पण घसा बसलाय का तुझा? आणि त्या खुर्चीला तेल घाल बाई. मेली इतकी करकरते की अर्धे शब्द खाते."

लेखिकेने पानं घेतली.

*सकाळ स्वच्छ होती. तिची पाठ माझ्याकडे. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, काढायची विसरलेली.*

पेन्सिल होती. तो गेला त्या दिवशी संध्याकाळी शेजारणीने ती काढून दिली होती.

"वन्सं, हे टेपवर होतं?"

"मग काय मी मनाने लिहिलं? मला वाण्याची यादी धड लिहिता येत नाही!"

नणंद गेल्यावर लेखिकेने टेप लावली. खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर उघडलं. पुढे दोन तास काही नाही.

बुधवारी ती पुन्हा गप्प बसली. गुरुवारीही. पानं येत राहिली. खोटं कशाला बोला, पानं तिच्याहून सरस होती. असंच गप्प बसून राहिलं तर पुस्तक आपोआप पुरं होईल, हा विचार तिच्या मनात आला, आणि मग तिला पाठीला गार वाटलं. ती वळून बघत नसे.

शनिवारचं पान असं संपत होतं:

*छातीत कळ आली. मी म्हटलं, पाणी दे. तिने*

"टेप तिथेच संपली," नणंद म्हणाली. आज ती हसली नाही. "पुढे काय केलंस, वहिनी?"

"सोमवारी," लेखिका म्हणाली.

सोमवारी दहाला तिने बटण दाबलं. पुढचं वाक्य तिला ठाऊक होतं. ते दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तिने तोंड उघडलं.

"मी तळवा वर केला. म्हटलं, थांब, एवढं वाक्य होऊ दे. वाक्य लांबलचक होतं. ते छान जमलं. मग मी उठले, पेला काठोकाठ भरून आणला. पाणी तसंच राहिलं."

बांध फुटल्यासारखी ती दोन तास बोलली. नऊ महिन्यांचं सगळं. बारा वाजता तिचा घसा खरंच बसला होता.

दुपारी नणंद आली. स्वतःचा रेकॉर्डर हातात. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच खोलीच्या उंबऱ्यापर्यंत.

"आज बोललीस?"

"सगळं."

"टेप कोरी आहे, वहिनी. शेवटचे चार शब्द सोडून." तिची बोटं बटणावर होती. "आधी तू सांग. तोंडाने."

लेखिकेने सांगितलं. टेपसमोर दोन तास लागले होते. उंबऱ्यावर दोन वाक्यं पुरली.

नणंद रडली नाही. ओरडलीही नाही.

"म्हणजे हे तुलाच विचारलंय," ती म्हणाली.

तिने बटण दाबलं.

करकर.

मग आवाज. तो ओळखायला दोघींनाही वेळ लागला नाही.

"झालं का गं वाक्य?"

नणंदेची नजर लेखिकेच्या खांद्यावरून खोलीत गेली. टेबल. खिडकी. एक स्टूल. रिकामी फरशी.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "खुर्ची कुठंय?"

खुर्ची सुताराने हातगाडीवरून नेली होती, नवरा गेला त्याच आठवड्यात.