रोज तुटणारं बटण

दारावर टकटक झाली आणि शिलाई मशीनवरचे तिचे पाय जागीच थांबले. आधी तिने आतल्या खोलीची कडी लावली, मगच बाहेरचं दार उघडलं.

समोर एक हसरा तरुण उभा. खांद्याला पिशवी, तोंडभर देवीचे जुने वण. घरोघर जाऊन देवीची लस टोचायची, हे त्याचं काम. गल्लीतली मुलं त्याला ‘टोच्या’ म्हणत आणि तो दिसला की धूम ठोकत. त्याने एका आजारी बाळाचं चित्र पुढे धरलं. बाळाच्या अंगभर फोड होते.

“असं कुणी पाहिलंय का आसपास?”

अगदी असेच फोड आत, धाकट्या बहिणीच्या अंगावर होते. पण ती हसली.

“पहिल्या भेटीत असलं चित्र दाखवतं का कुणी?”

“दुसरं नाही हो माझ्याकडे. चेहरा आहे, पण तोही त्याच रोगाने रंगवलेला.”

“चेहरा बरा आहे. बटण तेवढं लटकतंय. थांबा, लावून देते…”

त्याची नजर आत वळू नये म्हणून ती बोलत राहिली. वडिलांना याच रोगात गाडीत घालून इस्पितळात नेलं होतं, ते परत आले नाहीत. तेव्हापासून आईने धाकटीला कुणाला टोचूच दिलं नव्हतं. आत्ताही आई आत बसून घोकत होती, “कांजिण्याच आहेत, जातील.”

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. बटण पुन्हा तुटलेलं.

“तुमच्या दोऱ्यात दम नाही.”

“की तुमच्या शर्टात?”

दोघं हसली. त्याची पावलं वाजली की तिचं काळीज धडधडायचं — भीतीने की आणखी कशाने, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने पाणी मागायला हात पुढे केला, तर तळहातावरही फोड. तो आला, बटण आजही तुटलेलं. सुईत दोरा ओवता ओवता तिने विचारलं.

“कांजिण्या… तळहातावरही येतात का हो?”

त्याचं हसू मावळलं. “क्वचित. देवी मात्र येतात. कुणाच्या हातावर आहेत?”

सुई तिच्या बोटात घुसली. “नेऊ नका हो तिला… पाया पडते तुमच्या!”

“नाही नेणार. इथेच राहील. पण कुणी आत-बाहेर करायचं नाही. दाराशी पहारा लागेल, आणि तो मी देईन.”

“तुम्हाला झालं तर?”

“मला लहानपणीच होऊन गेलंय. पुन्हा नाही होत.”

त्याने तिला आणि आईला टोचलं, मग सगळ्या गल्लीला. धाकटीचा श्वास अडखळला की ती धावत येऊन बंद दारावर हात ठेवायची. पलीकडून आवाज यायचा, “मी आहे.” खपल्या गळल्या आणि धाकटीने खायला मागितलं, तेव्हा दाराला टेकून ती ढसाढसा रडली.

तो निघाला त्या दिवशी तिने विचारलं, “बटण रोज कसं तुटायचं?”

“मीच तोडायचो.”

तिचा चेहरा उतरला. “संशय होता म्हणून?”

“पहिल्या दिवशीच आतली कडी ऐकली होती. दुसऱ्या दिवशीचं बटण संशयाचं. तिसऱ्या दिवशीचं… तुमच्यासाठी.”

“मीही आधी खोटंच हसले होते.”

“आणि नंतर?”

“नंतर… खोटं हसणं जमेना.”

तो जरा घुटमळला. “हा रोग संपला की माझी नोकरीही संपणार. बिनकामाचा नवरा चालेल?”

“आधी संपवून तर या!”

इतिहासाच्या पुस्तकात लढायांना पानंच्या पानं मिळतात. माणसांनी एक अख्खा रोग जगातून हाकलला, तो मात्र असा, दारोदार फिरून. टोच्या गावोगाव फिरत होता तोवर कुणीही दार वाजवलं की तिच्या छातीत धस्स व्हायचं, त्याचीच काही वाईट बातमी असेल म्हणून.

मग एका सकाळी रेडिओने सांगितलं — देवी जगातून गेली. काही दिवसांनी दारावर टकटक झाली. या वेळी आतली कडी लावायला ती थांबली नाही.

खांद्यावर पिशवी नव्हती. शर्टाला बटणही नव्हतं.

“नोकरी गेली,” तो म्हणाला, आणि दोघं हसायला लागली.