खालच्या बोगद्यातले ठोके

खाणीतलं पाणी उपसणारे पंप सोमवारी बंद होणार होते, म्हणून आम्ही रविवारी सकाळीच खाणीत उतरलो. वरचा बोगदा पर्यटकांसाठी राहणार होता; तिथे दिवे होते, कठडे होते, हसऱ्या चेहऱ्याचे मेणाचे खाणकामगार होते. खालचा बोगदा मात्र पाण्याखाली जाणार होता. तिथेच छत कोसळून दाजी ऐन तारुण्यात अडकले होते, आणि त्यांना कुणी बाहेर काढू शकलं नव्हतं. ताईला त्यांचं काहीतरी वर आणायचं होतं. एखादा बूटही चालला असता.

वाट दाखवायला दाजींचा जुना जोडीदार होता. तो आता पर्यटकांना खाण दाखवतो. मला नकाशा वाचता येतो म्हणून सोबत घेतलं, अशी निदान मी माझी समजूत करून घेतली आहे.

"पुस्तकांत शिडी कशी उतरायची ते असतं का रे?" ताईने विचारलं.

"असतं."

"मग थरथरतोस कशाला?"

तेवढ्यात पायरी तुटली. मी लोंबकळलो! जोडीदाराने कॉलर धरून मला वर ओढलं. खाली गुडघाभर गार पाणी होतं. ओल्या भिंतींना हात लावत, कुजलेल्या खांबांमधून वाकून जाता जाता आम्ही एकदाचे त्या ढिगाऱ्याशी पोहोचलो. वरच्या बाजूला माणूस सरपटत जाईल एवढी फट होती.

आणि पंपांची घरघर थांबली. एक दिवस आधीच!

त्या शांततेत ढिगाऱ्यापलीकडून आवाज आला. टक्. टक्. टक्.

ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

"वहिनी, पंपाच्या नळात पाणी मागे फिरतंय," जोडीदार म्हणाला. "दुसरं काही नाही."

पण हातोडा त्याच्या हातात आलाच होता. ठोका ऐकला की आधी उत्तर द्यायचं, ही खाणवाल्यांची रीत. त्याने खडकावर तीन घाव घातले.

खांब करकरला. छत खाली आलं! आम्ही मागे फेकले गेलो. धूळ बसली तेव्हा फट बुजली होती आणि पाणी मांड्यांपर्यंत चढलं होतं.

ताई नुसत्या हातांनी दगड उपसू लागली. बोटं सोलली तरी थांबेना.

"वहिनी, घात केला मी."

"तेव्हाही असंच उत्तर देत होतात?"

"त्याचे ठोके थांबेपर्यंत."

ताईचे हात थांबले. पाणी माझ्या कमरेला लागलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"चला," ती म्हणाली. "याला पोहता येत नाही."

शिडी चढताना खालून ठोके येतच राहिले. दर ठोक्याला जोडीदार उत्तर द्यायला थबकायचा. हातोडा मात्र ताईने काढून घेतला होता, आणि ती वर चढत राहिली.