बेटात उंदीर लागलेत

कराडजवळ मलकापूरच्या पुढं उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली आणि मागं एसट्या, टेम्पो, दूधवाले सगळे ठप्प. तासगावला घरी निघालेली क्रांती एसटीतून खाली उतरली. कानाला फोन, आवाज चढलेला.

"सर, बेटावर आता उंदीर नाहीत, ससे नाहीत. मान्य. पण पक्षी मेले त्याचं काय? …हो, मी जाणार म्हणजे जाणार!"

फोन ठेवून वळली तर सांडलेला ऊस गोळा करणारा एक उंच गडी तिच्याकडं टक लावून बघत होता. केसात पाचट, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"औषध कुठलं टाकलं वो?"

"काय?"

"बेटातलं उंदीर गेलं म्हणताय न्हवं? आमच्या बेटात लय लागल्यात. खोडव्याचा ऊस पार कुरतडलाय."

क्रांती क्षणभर बघतच राहिली… आणि मग इतकी हसली, की ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. त्याचं बेट उसाचं, हिचं बेट समुद्रातलं! समजल्यावर तोही हसला, स्वतःलाच. स्वतःला हसणारा पुरुष आपल्याकडं औषधालाही सापडत नाही. तिनं तिथंच त्याचं नाव विचारून घेतलं. धैर्यशील.

क्रेन येईपर्यंत दोघं मोळीवर बसून ऊस खात होती.

"जुन्या काळी खलाशांनी खायला म्हणून दक्षिण ध्रुवाकडच्या त्या बेटावर ससे सोडले," क्रांती सांगत होती. "सशांनी गवत फस्त केलं, जमीन उघडी पडली. मग बिळात अंडी घालणारे छोटे पक्षी गेले. आता त्यांच्यावर जगणारा स्कुआ — समुद्रावरचा दांडगा शिकारी, आपल्या घारीसारखा — त्यानं काय खावं? तो सशांवर जगायला शिकला."

"हुशार हाय गडी."

"मग तिकडच्या सरकारनं सशांना आणि उंदरांना विष घातलं. मेलेले ससे स्कुआनं खाल्ले, तोही मेला. उरलेले उपाशी."

त्याचं चघळणं थांबलं. "म्हंजे ससं मारलं ती चूक?"

"आणले ती चूक! आता बिळातले पक्षी परत येतायत. स्कुआ परत वाढतो का, ते बघायला मी चाललेय. एप्रिलात बोट आहे. सव्वा वर्ष."

"चावतो काय तो?"

"घरट्याजवळ गेलं की सरळ डोक्यावर झडप घालतो."

"मग जमंल तुमचं दोघांचं," तो गालात हसत म्हणाला, आणि तिनं चघळलेली चोयटी त्याच्यावर फेकून मारली.

त्यानंतर कराडच्या संगमावर भेळ झाली. मग परत झाली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. मार्चमध्ये त्याची आई रंगूबाई मागणी घालायला तासगावला आली, आणि बेदाण्याच्या शेडला लागून असलेल्या खोलीत चहा पिता पिता म्हणाली,

"पोरगी पसंत हाय. पर लग्न ठरल्याली पोर सव्वा वरीस समुद्रात? ते तेवढं रद्द करा."

क्रांतीच्या घरचे सगळे खाली बघायला लागले. खाली बघण्यात आपली माणसं पटाईत. क्रांती मात्र धैर्यशीलकडं बघत होती. हा आता गप्प बसला, तर बोट ठेवायची आणि ह्याला सोडायचा… ठरलं होतं तिचं.

"आई," तो म्हणाला, "आबा फौजेत किती वर्सं व्हतं?"

"ती नोकरी व्हती."

"मग ही काय जत्रा हाय? तू थांबलीस. आता मी थांबतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई थांबली की तिची आरती ओवाळायची आणि पुरुष थांबतो म्हणाला की दात काढायचे! रंगूबाई हसली नाही. तिनं कप खाली ठेवला.

"थांबणं लय वंगाळ असतंय रं. सणाला एकटं जेवाय लागतंय. कुणी इचारत बी न्हाई."

"मग शिकीव मला."

रंगूबाईनं पदरानं नाक पुसलं आणि क्रांतीला दरडावलं, "थंडी किती असती तिथं? सोबतीला बायका हायत का न्हाईत?"

क्रांती आणि धैर्यशील मागच्या शेडात आली. जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती, हवेला गोड, आंबूस वास.

"फोन लागतोय तिथनं?" त्यानं विचारलं.

"कधी लागेल, कधी नाही."

"बरं… लागंल तवा लागंल."

"धैर्यशील, सगळ्यांना सांगितलंस थांबतो म्हणून. मला कुणी काही विचारलंय?"

तो गडबडला. कानापर्यंत लाल. "क्रांती… मला तू लय आवडतीस. तुला मी… चालंल का?"

"पळेल!"

आणि आत सगळी बसलेली असताना, क्रांतीनं त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं आणि त्याचा मुका घेतला. ज्याला नाक मुरडायचंय त्यानं खुशाल मुरडावं.