गुरुवारचं रक्त

“बाही वर करा,” डॉ. विजयमाला म्हणाली, तेव्हा प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर दुरुस्त करायला आलेला हिंदुराव पाना हातात धरून तसाच उभा राहिला.

“मशीन बिघडलंय न्हवं, डॉक्टरीणबाई? मी न्हाय!”

रक्त द्यायला कबूल झालेला शिपाई शिंकत शिंकत आला, म्हणून तिने त्याला नुकतंच परत पाठवलं होतं. प्रयोगाला धडधाकट माणसाचं ताजं रक्त हवं होतं, आणि समोर कुर्डुवाडीचा सहाफुटी गडी उभा! अकलूजची पोर ती, लाजते कसली! सुई पाहून मात्र गड्याने डोळे गच्च मिटले... आणि तिला हसू फुटलं.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला.

“माझ्या रक्ताचं करता तरी काय?”

तिने काचेची बशी पुढे केली. “खालच्या थरात तुमच्या पांढऱ्या पेशी. वरच्या थरात हाडाच्या मगजातल्या पेशी, ज्यांच्यापासून नवं रक्त तयार होतं. दोघी एकमेकींना शिवत नाहीत. पण खालून काहीतरी झिरपतं आणि वरच्या वाढायला लागतात... असं परदेशात दिसलंय. मला अजून नाही.”

“शिवत न्हाईत, तरी कळतं?”

“कळतं,” ती म्हणाली, आणि उगाचच बशीवर झाकण ठेवलं.

चार महिने बशा कोऱ्याच होत्या. आणि एके सकाळी, गड्ड्याच्या जत्रेतल्या गुरुवारची बशी तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर पेशींचे पुंजकेच पुंजके! तिने तीनदा मोजले. त्रेसष्ट! पण पुढचे दोन गुरुवार, त्याच माणसाचं रक्त, आणि बशा पुन्हा कोऱ्या. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, “एकदाच उगवलं म्हणजे काहीतरी चुकलंय. महिनाअखेरपर्यंत पुन्हा उगवलं नाही, तर प्रबंधाचा विषय बदला.”

आता गाठ हिंदुरावाशी होती.

“त्या आठवड्यात काय खाल्लंत?”

“कडक भाकरी, शेंगाचटणी.”

“ती तर रोजचीच. काही औषध?”

तो खिडकीबाहेर पाहू लागला. कान लाल झाले होते. “तुमी त्या दिवशी विचारलं होतं, ताप हाय का. मी न्हाय म्हनालो...”

“मग?”

“होता. गड्ड्यात लायटिंगचं काम घेतलं होतं. टायफॉइडची लस टोचल्याबिगर आत सोडंनात. आदल्या दिवशी टोचली, रातभर कुडकुडलो.”

“आणि माझ्याशी खोटं बोललात? मी वहीत ‘निरोगी’ लिहिलंय!”

“त्या शिपायाला नुसती सर्दी, तरी तुमी परत धाडलं. माझा गुरुवार... गेला असता की.”

विजयमाला चिडली होती, अगदी मनापासून. पण राग ओठांवर येता येताच अडला. एक तर हा वेडा माणूस तिला फार आवडत होता, हे तिला आत्ता कळलं. आणि दुसरं...

“लस!” ती उठूनच उभी राहिली. “लस टोचली की पांढऱ्या पेशींना वाटतं, शत्रू आला. त्या जाग्या होतात. आणि जाग्या झालेल्याच मगजाला हाक मारत असतील — माणसं वाढवा म्हणून! तुमच्या बाकीच्या गुरुवारी त्या झोपल्या होत्या!”

“म्हंजे मी खोटं बोललो ते बरंच झालं?”

“अजिबात नाही!”

पुढच्या आठवड्यात नर्सिंगच्या मुलींना हीच लस टोचणार होते. टोचण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा त्यांचं रक्त मागायचं. सरांना दाखवायला अजून तीन आठवडे होते. तिने वहीतल्या ‘निरोगी’वर काट मारली, खरं काय ते लिहिलं, आणि वर न पाहता म्हणाली, “यापुढे तुमचं रक्त मी घेणार नाही. खोटं सांगणाऱ्याचं चालत नाही मला.”

त्याचा चेहरा उतरला. त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे वळला.

“आणि गुरुवारी वेळेवर या.”

“कशाला? रक्त तर घेनार न्हाय म्हंता.”

“नाहीच घेणार.” आता तिने वर पाहिलं. “सुई नसताना येता का, ते बघायचंय मला.”

हिंदुराव दारातच थांबला. हसू आवरता आवरेना त्याला.

“येतो की,” तो म्हणाला. “आन् ताप असला तर... सांगून येतो.”