बॅटरी रूममधला कॉल

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय, आणि तेही भरदुपारी, पावणेचार वाजता. माझ्या मित्राच्या घरात.

मित्र एका कंपनीचं नेटवर्क सांभाळायचा. साहेबांची थेट भाषणं, कॅमेरे, इंटरकॉम, खोल्यांची कुलपं... सगळं त्यानं एकाच सिस्टिमवर बसवलं होतं. त्याचा त्याला कोण गर्व.

एकदा साहेबांचं भाषण सगळ्या शाखांत थेट चालू होतं. तेवढ्यात, पावणेचारला, बॅटरी रूमचं कुलूप अडकलं.

आत त्याचा मेहुणा होता. बायकोचा पाठचा भाऊ. यानंच त्याला कामाला चिकटवलं होतं.

इंटरकॉम वाजला.

"दाजी, दार उघडत नाहीये. बॅटऱ्यांतून धूर येतोय."

कुलूप सोडवायचं तर सिस्टिम बंद करून चालू करायला हवी. म्हणजे भाषण तुटणार, सगळ्यांसमोर नाचक्की होणार.

"वीस मिनिटं थांब," तो म्हणाला. आणि इंटरकॉमचा आवाज बंद केला.

भाषण संपलं, दार उघडलं. मेहुणा दाराला टेकून बसला होता. नखं तुटलेली, श्वास थांबलेला.

बायकोला त्यानं सांगितलं, "इंटरकॉम बंदच पडला होता गं. मला कळलंच नाही." कॉलचं रेकॉर्डिंग त्यानं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. बिचारीनं उलट त्यालाच धीर दिला.

महिन्याभरानं, पावणेचारला, घरचा टीव्ही आपोआप लागला.

पडदा काळा. नुसता श्वास...

"दाजी..."

त्यानं वायर उपटली.

आवाज चालूच.

बायको आतून धावत आली. सख्ख्या भावाचा आवाज ती ओळखणार नाही?

मग रोज पावणेचारला. रोज तोच कॉल, एकेक वाक्य पुढे सरकत. ती खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसायची. एकदा म्हणाली, "तो तुम्हाला हाक मारतोय. पुढे काय उत्तर आलं ते मला ऐकायचंय."

ज्या दिवशी "धूर येतोय" ऐकू आलं, त्या रात्री मित्रानं मला फोनवर सगळं कबूल केलं. रडत होता. "उद्या माझा आवाज येणार रे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चारला मी फोन लावला.

वहिनींनी उचलला. आवाज अगदी शांत.

मागे कुणीतरी दार बडवत होतं...

"भावोजी, ते आत आहेत," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं थांबा."

आणि मी थांबलो.

का थांबलो, ते मला आजही सांगता येत नाही.