पकडीत सापडलेला तपासनीस

यंत्राने तपासनिसाचा कोट धरला तेव्हा ठिणगी चहा पीत होती. ठिणगी म्हणजे कारखान्यातली प्रोग्रामर. हे नाव तिच्या नाकावरच्या रागावरून पडलेलं.

भट्टीशेजारी काचेच्या बाटल्या उचलून खोक्यात ठेवणारा यांत्रिक हात तिने वर्षभर खपून तयार केला होता. आज त्याची तपासणी. तपासनीस बघायला जरा जास्तच वाकला, पाय अडकून कॅमेऱ्याची वायर तुटली, आणि हाताने बाटली समजून त्याच्या कोटाचं टोक घट्ट पकडलं. मग हात हलेचना.

"बंद करा!" वायरमनकाका ओरडले.

"नको! वीज गेली तरी पकड सुटत नाही," ठिणगी धावत आली.

"पण हा करतोय काय?" तपासनिसाने विचारलं. डोळे मात्र हसरे!

"वाट बघतोय. सोड म्हणून कॅमेऱ्याचा निरोप यायचाय."

"वायर तर तुटलीय. किती वेळ बघणार?"

"जन्मभर..." ती ओशाळली. "मुदत घालायचीच राहिली."

लॅपटॉप मांडीवर घेऊन ती त्याच्या शेजारीच बसली. "आता घालते. निरोप नाही आला, तर पाच सेकंदांनी थांबणं सोडायचं."

"पाच? तेवढ्यात हा मला कोटासकट खोक्यात भरेल."

तिने रागाने पाहिलं. पण बरोबर होतं त्याचं. कॅमेरा सेकंदाला शंभरदा बोलायचा; तिने मुदत सेकंदाच्या विसाव्या भागावर आणली. प्रोग्राम पुन्हा सुरू केला. पडदाभर एकच ओळ धावू लागली — निरोप नाही, निरोप नाही, निरोप नाही... पकड तशीच.

"नुसतं कळून काय उपयोग? हा पुन्हा वाट बघत बसतोय."

"कळतंय मला! पकड सोडायला सांगतेच आहे."

"सावकाश... मला घाई नाही."

"अहो साहेब," वायरमनकाकांना राहवेना, "कोट काढला असता तर केव्हाच सुटला असता की!"

तपासनिसाचे कान लाल झाले. "थंडी... वाजत होती."

"भट्टीशेजारी?" ठिणगीने ओठ दाबून विचारलं. तेवढ्यात पकड सुटली. तो मात्र जागचा हलला नाही.

"आज नापास करावं लागेल," तो हळूच म्हणाला. "परवा पुन्हा तपासणी."

तिचा चेहराच पडला. मग भडका. "एवढं गोड बोलून? या परवा! हव्या तितक्या वायरी तोडा!"

"मी नाही येणार. दुसऱ्या कुणाला पाठवा, असं कळवणार आहे."

"का? घाबरलात?"

"तपासनिसाने पक्षपात करू नये. सकाळपर्यंत मला ते जमत होतं..."

ठिणगी कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत राहिली. "परवा निकाल लागेपर्यंत फोन करू नका," ती शेवटी म्हणाली. "मीच करीन."

तिसऱ्या दिवशी करड्या शिस्तीच्या एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी मुद्दाम वायर उपटली. हात तत्क्षणी पकड सोडून थांबला. बाईंनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मग सही केली. ठिणगीने कोपरा गाठून फोन लावला.

"यंत्र पास," ती म्हणाली.

"आणि मी?"

"संध्याकाळी जेवायला कुठे नेताय, त्यावर आहे."

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू येईना.

"अहो... आहात ना?"

"आहे. आईला सांगत होतो."

"इतक्यात?"

"ती परवापासून विचारतेय — मुलगी रागीट आहे का म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"खूप," तो म्हणाला. "ती म्हणाली, बरंय, मला सोबत होईल."