पाचवं प्रूफ

छापखान्यात ताईच्या समोरची खुर्ची आबांची. आबा हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे आणि ताई छापील कागदावर डोळे लावून चुका टिपायची. आबा विरामचिन्हंसुद्धा वाचायचे, तीही एका सुरात. "राजा म्हणाला स्वल्पविराम आता पुरे उद्गारचिन्ह." नवा माणूस पहिल्या दिवशी पोट धरधरून हसायचा. आठवड्याभरात त्याच्याही कानांना सवय व्हायची. आबांची बायको तर शपथेवर सांगायची, की हे झोपेतसुद्धा स्वल्पविराम घेतात.

ताई चौदा वर्षं त्या टेबलाशी बसत होती. तांबडी पेन्सिल कानामागे खोचलेली. टेबलावर ठेवली की कुणीतरी पळवायचं, म्हणून. त्या चौदातली चार वर्षं युद्धाची. युद्ध संपून सात वर्षं उलटली होती, तरी गाव अजून दमलेलंच होतं. जिना चढता चढता माणसं मध्येच थांबायची आणि का थांबलो ते त्यांना सांगता यायचं नाही.

ताईचा धाकटा भाऊ त्या चार वर्षांत हरवला होता. गेला असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

"गेल्याचा सरकारी कागद आला का? नाही ना? मग आहे तो," आई म्हणायची, आणि विषय तिथंच मिटायचा.

मास्तरांचं पुस्तक आलं ते अशा दिवसांत. मास्तर निवृत्त शिक्षक, बोलण्यात मऊ, कोट सैल. सूतगिरणीच्या तळघरात अडकलेल्या नऊ जणांची ती हकीकत होती. वर गिरणी कोसळलेली. खाली एक फुटका नळ, त्यातून ठिपकणारं पाणी, माणशी दिवसाला एक वाटी. सात जण पहिल्या आठवड्यातच गेले. एकविसाव्या दिवशी बाहेरून भिंत फोडली तेव्हा एकटे मास्तर जिवंत होते.

आबा वाचत होते. "बटण्या शर्टाची बटणं चावत बसायचा पूर्णविराम लहानपणी आईनं मला सुतळीनं शर्ट बांधून शाळेत धाडलं होतं स्वल्पविराम असं तो सांगायचा पूर्णविराम"

ताईची पेन्सिल थांबली. बटणं चावणारी पोरं जगात पुष्कळ असतील. सुतळी बांधून शाळेत गेलेलं एकच. आईनं सांगितलं होतं खरं, पण ती गाठ ताईनं स्वतः मारली होती.

"अकराव्या दिवशी बटण्यानं आपली वाटी मला पाजली पूर्णविराम संध्याकाळी तो गेला पूर्णविराम ताई, पुढे वाचू?"

"वाचा."

त्या दिवशी तिनं तेरा चुका काढल्या. एकही सुटली नाही. घरी गेल्यावर आईनं विचारलं, "आज गप्पशी?" ती म्हणाली, "डोकं दुखतंय," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी मास्तर चौकशीला आले. ताईनं बटण्याचं नाव काढलं, तसे ते तिच्याकडे बघतच राहिले.

"म्हणजे तुम्हीच ती ताई. तो म्हणायचा, मास्तर, तुम्ही जगलात तर हे सगळं लिहा. छापायला गेलं की ताईच्या हातात पडेल. मग ती बघून घेईल काय ते."

"मी काय बघणार होते?"

"मीही हेच म्हटलं. पोरगं हसलं. म्हणालं, तुम्ही तिला ओळखत नाही."

गुरुवारी दुसरं प्रूफ आलं. आबा त्याच सुरात वाचत गेले आणि एका ओळीवर अडखळले. "बाराव्या दिवशी बटण्यानं आपली वाटी मला..."

"अकराव्या, आबा."

"इथं बारा आहे."

ताईच्या कागदावरही बाराच होतं. आबांनी हस्तलिखित उजेडात धरलं. खाडाखोड नाही, गिरवलेलं नाही. मास्तरांची तीच जुनी, तपकिरी पडलेली शाई.

"मी अकरा वाचलं होतं," आबा हळूच म्हणाले.

"मीही अकरा ऐकलं होतं."

ताईनं प्रुफाच्या डोक्यावर लिहिलं: पुन्हा काढा.

"दोनच प्रुफं काढतो आपण," मॅनेजर वैतागला. "तिसरं कशाला? पुस्तकाला सोनं लागलंय का?"

"चुका आहेत."

"कुठं आहेत?"

"आहेत म्हटलं ना."

तिसऱ्या प्रुफात बटण्या सोळाव्या दिवसापर्यंत होता.

त्या रात्री कित्येक वर्षांनी ताईला गाढ झोप लागली. पण छापखान्याच्या दाराशी, बाकावर, मास्तर रोज येऊन बसू लागले होते. आधी पेलाभर पाणी मागायचे. मग दोन पेले. मग शिपायानं पाण्याचा अख्खा जगच त्यांच्याजवळ ठेवून दिला. "तहानच भागत नाही हो," ते ओशाळून हसायचे. ओठ फाटलेले. कोट खुंटीला लटकवल्यासारखा अंगावर लोंबत होता.

ताईनं ते पाहिलं. पाहिलं आणि चौथं प्रूफ मागवलं.

"एकोणिसाव्या दिवशी मी पाणी मागितलं पूर्णविराम बटण्यानं वाटी आपल्याकडे वळवली पूर्णविराम"

आबांनी कागद खाली ठेवला. "ताई, आता बास. सही करा."

"दोनच दिवस राहिलेत, आबा."

"आणि मास्तर?"

काचेतून बाक दिसत होता. मास्तरांची मान छातीवर पडली होती. रिकामा जग मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला.

मुद्रितशोधकानं चूक दुरुस्त करायची असते, पदरचं वाक्य घालायचं नसतं. चौदा वर्षांत ताईनं परक्या मजकुरात स्वतःचा एक शब्द घातला नव्हता. त्या दुपारी तिनं समासात खूण केली आणि बारीक, नीट अक्षरात लिहिलं: कुणीतरी त्या दोघांना आपलं पाणी दिलं.

अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी कागद घेऊन परत आला. "हे मास्तरांचं अक्षर नाही."

"तू जुळव."

"पण कुणीतरी म्हणजे कोण? तिथं तर दोघंच उरले होते."

"तू जुळव रे बाबा."

पाचवं प्रूफ सोमवारी दुपारी आलं. आबांनी हस्तलिखितातलं पान उघडलं.

"एकोणिसाव्या दिवशी अंधारात एक बाई असल्याचं आमच्या ध्यानात आलं पूर्णविराम ती केव्हा आली स्वल्पविराम कुठून आली स्वल्पविराम आम्हाला ठाऊक नव्हतं पूर्णविराम तिच्या कानामागे..."

आबा थांबले.

"वाचा, आबा."

"तिच्या कानामागे तांबडी पेन्सिल होती पूर्णविराम तिनं तिन्ही दिवस आपली वाटी आम्हा दोघांना वाटून दिली पूर्णविराम एकविसाव्या दिवशी भिंत फुटली आणि मी नि बटण्या बाहेर आलो पूर्णविराम"

शेवटची ओळ त्यांनी साध्या माणसासारखी वाचली. "ती बाई बाहेर आली नाही."

"पूर्णविराम आहे?"

"आहे."

ताईनं काचेतून पाहिलं. मास्तर बाकावरून उठून शिपायाशी गप्पा मारत होते. चेहऱ्यावर तुकतुकी आली होती, कोट अंगाला बसला होता. जग भरलेला, बाकावर तसाच. ताईनं ओठांवरून जीभ फिरवली. जीभ कोरडी होती.

"फाडा ते," आबा म्हणाले. "आपण सहावं काढू."

"सहाव्यात कोण येईल, आबा? तुम्ही?"

आबांनी पान तिच्यापुढे सरकवलं.

ताईनं ते पान पुन्हा एकदा सावकाश वाचलं. एक खिळा उलटा बसला होता, त्याच्याभोवती गोल केला. मग लिहिलं, छापण्यास हरकत नाही, आणि सही केली. आबा कागद घेऊन गेले. दारातून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

खोलीत दुपारचं ऊन होतं. यंत्र सुरू झालं. थोड्या वेळानं फाटकाशी कुणाचा तरी आवाज आला.

"अहो, माझी ताई इथंच काम करते ना?"

आवाज आता भरदार झाला होता. तरी तोच.

ताई हसली. खूप दमली होती, पण हसली. उठली.

दार टेबलापासून पाच पावलांवर.

सहाव्या पावलाला तिचा तळवा भिंतीला लागला. ओला, खडबडीत दगड.

ती वळली. खिडकीकडे गेली. तिथंही दगड.

यंत्राचा आवाज थांबला होता. कुठंतरी पाणी ठिपकत होतं. एक थेंब. बऱ्याच वेळानं दुसरा.

मग अगदी जवळ सातएक जणांनी अंग चोरल्याची सळसळ झाली, आणि एक दमलेला आवाज म्हणाला, "सरका रे जरा. बाईंना बसायला जागा द्या."